जुन्या गाण्यांचा नवा अल्बम कुठल्या कप्प्यात?

कोल्हापूर

भावा,

इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा या इंग्लिश बँडचा म्होरक्या जेफ लिन, त्याची ‘मिस्टर ब्लू स्काय’ ही २०१२ची सीडी तू संकलनांच्या कप्प्यात लावलीस ना? तिथून काढ. कव्हरवर ‘द व्हेरी बेस्ट ऑफ इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा’ छापलंय, गाणीही सत्तरच्या दशकातली गाजलेली, म्हणून चकवा बसतो. पण संकलन म्हणजे आधीची रेकॉर्डिंगं गोळा केलेली. इथं जुनं रेकॉर्डिंग एकही नाही. लिननं बहुतेक वाद्यं स्वतः वाजवून गाणी पुन्हा उभी केली आणि शेवटी एक नवं गाणं जोडलं. म्हणजे स्टुडिओ अल्बम, साल २०१२. मूळ गाण्यांची सालं शेऱ्यात लिही, क्रम त्यावर लावू नकोस. त्याच ऑक्टोबरात आलेला त्याचा ‘लाँग वेव्ह’ मात्र दुसऱ्यांच्या गाण्यांचा, म्हणजे कव्हर अल्बम. दोन्हींना एकच शेरा नको.

नाव कुणाचं? आपल्याकडं लग्नाच्या बँडची पाटी तीच राहते, वाजवणारे हंगामागणिक बदलतात, तरी सुपारी पाटीच्या नावानंच ठरते. तसंच कर. कलाकाराच्या रकान्यात छापलेलं बँडचं नाव, वादकांच्या रकान्यात लिन. सवयीनं ड्रमवर बँडचा जुना ड्रमर बेव्ह बेवन लिहिशील. तो मूळ तबकड्यांवर आहे. कव्हरवर नुसतं म्होरक्याचंच नाव असेल तर अल्बम त्याच्या नावाखाली लाव आणि बँडच्या कप्प्यात ‘तिकडं पाहा’ अशी चिठ्ठी ठेव.

खरी डोकेदुखी रेकॉर्डिंग जुनं की नवं हे ओळखण्याची. कव्हरवरच्या हक्काच्या खुणा बघ: वर्तुळातला ‘पी’ रेकॉर्डिंगचा, ‘सी’ कव्हर नि मजकुराचा. ‘पी’पुढचं साल बघायचं, पण त्यावर डोळे झाकून विसंबू नये, कारण रीमास्टरवरही, म्हणजे जुन्याच रेकॉर्डिंगचा आवाज सुधारून काढलेल्या प्रतीवरही, कधी नवं साल टाकतात. आयएसआरसी म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगला दिलेला ओळख-कोड; त्याच्या बारा अक्षरांतली सहावी-सातवी म्हणजे कोड दिल्याचं साल. ही पद्धतच १९८६ची, त्यामुळं १९७७च्या रेकॉर्डिंगवर नव्वदीतला कोड असू शकतो. शंका उरलीच तर जुनी आणि नवी फाइल ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये खाली-वर ठेव आणि पहिला ठोका जुळव. रीमास्टर असेल तर ठोके शेवटपर्यंत जुळतात. टेपच्या वेगानं सरकले तरी सहसा एकाच दरानं सरकतात. नव्यानं वाजवलेलं कुठं पुढं पळतं, कुठं मागं राहतं. कानाला मूळच वाटेल, पण फसू नकोस. जुनीच गाणी अधिक चांगली वाजावीत हा लिनचा हेतू होता.

मिश्र माल आला की शहाणपण लागतं. एव्हरली ब्रदर्स ही अमेरिकन गायकजोडी १९६०मध्ये केडन्स ही रेकॉर्ड कंपनी सोडून वॉर्नर या दुसऱ्या कंपनीकडं गेली. जुन्या रेकॉर्डिंगची मालकी केडन्सकडंच राहिली, म्हणून वॉर्नरच्या १९६४च्या ‘व्हेरी बेस्ट’मध्ये केडन्सची गाणी पुन्हा म्हटलेली आहेत आणि वॉर्नरची मूळचीच. असं अर्धंमुर्धं असेल तर संकलन म्हण, पण प्रत्येक गाण्यापुढं खूण कर.

शेऱ्यात ‘पुनर्मुद्रण’ लिहू नकोस. ते पुस्तकासारखं तेच पुन्हा काढणं, म्हणजे रीइश्यू. ‘नव्यानं रेकॉर्ड, २०१२’ एवढं पुरे, आणि ते गाण्याच्या नावातच घाल. नाहीतर दुबार फाइली साफ करणारं सॉफ्टवेअर नाव सारखं बघून दोहोंतली एक उडवू शकतं, आणि ती मूळचीही असू शकते.

तुझाच