लिव्हिंग विल जमा करायचं कुणाकडं?

मा. संपादक, स.न.वि.वि.

मिरजेला वैद्यकीय पंढरी म्हणतात, अथणी, चिकोडी, विजापूरपासनं पेशंट येतात, आणि इथल्या कुठल्याही आयसीयूबाहेर तासभर बसलात तर "मग घरी न्यायचं का?" हे हमखास कानावर पडतं. त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. डॉक्टर म्हणणार तुम्ही ठरवा, थोरला म्हणणार पुण्याची ताई येऊ दे, ताई येते ती रडतच, अजून प्रयत्न करा म्हणून, आणि ज्यानं रात्री बाकड्यावर काढल्यात तो धाकटा मात्र गप्प, कारण तो बोलला की भावकीत सुरू होणार, जमिनीसाठी म्हाताऱ्याला घालवला.

आमच्या काकांचा कॅन्सर पसरलेला होता, आता काही होणार नाही हे डॉक्टरांनीच सांगितलेलं. तरी व्हेंटिलेटर लागला, कारण रात्री धाप लागली तेव्हा जो चुलत भाऊ हजर होता त्यानं घाबरून फॉर्मवर सही केली. नंतर नळी काढा म्हटलं तर दवाखान्यातनं उत्तर, तसं कायद्यात बसत नाही, तुम्ही डिस्चार्ज घ्या. मग "आमच्या मर्जीने व जबाबदारीवर नेत आहोत" असं लिहून दिलं, अ‍ॅम्ब्युलन्समधे एक पोरगा तासगावपर्यंत हातानं श्वास द्यायचा फुगा दाबत बसला, आणि सोप्यात कॉटवर ठेवल्यावर त्यानं फुगा काढला, पैसे घेतले, गेला. मॉर्फिन नाही, घशातला कफ ओढायचं मशीन नाही. दिवस मावळेपर्यंत ती घरघर घरातल्या बारक्या पोरांनी पण ऐकली. कागदावर काय, तर पेशंट स्वखुशीनं घरी गेला.

कायद्यात बसत नाही हे चूक आहे म्हणून हे पत्र. इंजेक्शन देऊन मारणं गुन्हाच आहे, त्याबद्दल मी बोलतच नाहीये. पण बरं होण्याची आशा नसताना मशीन काढणं किंवा न लावणं ह्याला सुप्रीम कोर्टानं 9 मार्च 2018 ला मान्यता दिली, लिव्हिंग विललाही, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत हे शुद्धीत असताना लिहून ठेवायच्या कागदालाही, दिली. तेव्हा विलवर मॅजिस्ट्रेटची सही लागायची, कोण जाणार? म्हणून 24 जानेवारी 2023 ला सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं, आपल्या वतीनं कुणी बोलायचं त्यांची नावं त्यात घालायची. पुढं दवाखान्याचं तीन डॉक्टरांचं बोर्ड, मग दुसरं बोर्ड, त्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला, दोन्ही बोर्डांनी शक्यतो 48 तासांत मत द्यायचं, आणि मशीन काढण्याआधी मॅजिस्ट्रेटला कळवायचं. विल नसलं तरी जवळच्या नातेवाईकांच्या संमतीनं हाच रस्ता आहे. म्हणजे काकांची नळी दवाखान्यातच, दुखण्यावर औषध चालू ठेवून, काढता आली असती.

दोन बोर्ड म्हणजे कटकट असं काही डॉक्टर म्हणतात. मला ती हवीच वाटते, आपल्याकडं सातबाऱ्यापायी काय काय होतं ते कृष्णाकाठच्या माणसाला सांगायला नको. पैसे संपले म्हणून घरी नेणं आणि हाल नकोत म्हणून थांबणं बाहेरनं सारखंच दिसतं, त्यातलं कुठलं चाललंय हे बघायला तिऱ्हाईत डॉक्टर पाहिजेच. फक्त ते आधीपासनं नेमलेले पाहिजेत, रात्री बारा वाजता शोधायचे नाहीत. शेजारच्या कर्नाटकानं जानेवारी 2025 मध्ये ह्यासाठी परिपत्रक काढलं, आणि तिथले पेशंट येतात मिरजेला!

राहिला पापाचा मुद्दा. आमची आत्या म्हणते श्वास देवानं दिला, आपण काढणारे कोण. बरं, मग मशीन लावणारे तरी आपण कोण? आपल्या जिल्ह्यात जैन समाज मोठा, आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 ला कुंथलगिरीला सल्लेखना घेतली ते अजून घरोघरी आदरानं सांगतात. सल्लेखना म्हणजे अन्नपाणी सोडत मरण स्वीकारायचं व्रत, नळी नको म्हणणं वेगळं, मान्य आहे, पण शेवट कसा व्हावा ह्यात ज्याचं त्याचं मत धरायचं हे आपल्याला नवीन नाही. आणि नको म्हणायचं असलं तर ते धडधाकट असताना, पोरांसमोर, स्पष्ट म्हणा. "माझे हाल करू नका रे" एवढ्यानं भागत नाही, व्हेंटिलेटर, डायलिसिस, नाकातनं नळी, काय नको ते नाव घेऊन सांगा.

आता माझी खरी अडचण. विलची एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडं ठेवायची असते. मुंबईचे डॉ. निखिल दातार ह्यासाठी हायकोर्टात गेले आणि 2024 मध्ये राज्य सरकारनं 417 अधिकारी नेमल्याचं सांगितलं. मी एका ऑफिसात विचारलं तर जन्ममृत्यूच्या खिडकीवर पाठवलं, तिथल्या बाईंनी विचारलं, मृत्यू झालाय का? नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग झाल्यावर या.

तेव्हा आपल्या वार्ताहरानं सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत आणि जिल्ह्यातल्या नगरपालिकांत हा अधिकारी कोण, बसतो कुठं, प्रत घेतल्याची पोच देतो का, एवढं विचारून आपल्या पेपरात छापावं ही विनंती. माझं विल नोटरी करून तयार आहे.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली