खिडकीसाठी पत्र

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय सुमे,

फोनवर सांगून भागणार नाही म्हणून लिहायला बसले. शाळेच्या प्रयोगशाळेतली आपली उत्तरेची खिडकी बंद करतायत. हो, तीच. तुला तिच्यासमोर मायक्रोस्कोप मांडायचे असायचे, मला धूर बाहेर जायला ती मोकळी हवी असायची, आणि दोघी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर भांडायचो. आता तिथे भिंतभर प्लायवूड आणि त्यावर मोठा डिजिटल बोर्ड. उजेडात बोर्ड नीट दिसत नाही, म्हणून खिडकीच नको. हे ऐकून माझं काय झालं असेल ते तुलाच कळेल.

माझी तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे. आई मजेत.

झालंय असं की माजी विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळांसाठी घसघशीत देणगी दिली. संस्थेने आर्किटेक्टकडून नकाशा करून घेतला आणि शुक्रवारच्या मीटिंगमध्ये थेट आमच्यासमोर ठेवला. तिन्ही प्रयोगशाळा मोडून एक मोठा हॉल करायचा आणि मधली साहित्याची खोली पाडायची. मग साहित्य कुठे? तळमजल्यावर, जिन्याखाली! अगं, कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिकची अडीच लिटरची बाटली ४.५ किलोच्या वर भरते. ती घेऊन लॅबच्या शिपाईमामांनी दोन जिने चढायचे, तेही मधल्या सुट्टीत पोरं धावत असताना? मी विचारलं तर म्हणे, "ते नंतर बघू." मामा कोपऱ्यात उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. त्यांना कुणी विचारलंच नाही.

नकाशा घरी आणला आणि पेन्सिलीने त्यावर पोरं उभी केली. अर्धी बॅच म्हणजे तीस जण. ओट्यांच्या दोन ओळींमध्ये अडीच फूट जागा ठेवलीय. पाठीला पाठ लावून मुलं उभी राहिली की मधून मी जाणार कशी? कुणाच्या हातावर काही सांडलं तर पहिल्या क्षणी तिथे पोचायला हवं. चार फूट तरी पाहिजेत. सिंक दोनच, तेही दाराशी, म्हणजे बीकर धुवायला सगळा वर्ग दारात. तापवायचा ओटा मागे आणि एक्झॉस्ट पुढे, बोर्डच्या वर. लेड नायट्रेट तापवलं की तो तपकिरी धूर पोरांच्या नाकावरून जाऊन मग बाहेर पडणार!

जुन्या पाइपांचा तर नकाशात पत्ताच नाही. शनिवारी मामा आणि मी टॉर्च घेऊन सिंकखाली बसलो. बिडाचा पाइप ॲसिडने खाल्लाय. वाकाच्या जागी पापुद्रे सुटलेत, बोट लावलं की लाल चुरा हातात येतो. खाली पाचवीच्या वर्गाच्या भिंतीवर ओल उतरलीय ती त्यामुळेच. त्यावर नव्या फरश्या बसवल्या तर त्याच पुन्हा फोडाव्या लागणार. आधी पाणी आणि ड्रेनेज, मग वायरिंग, तेही शॉक बसला तर लगेच वीज तोडणाऱ्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसकट, मग ओटे, आणि रंग सगळ्यात शेवटी. कडप्पा जाणार त्याला माझी हरकत नाही. तो चुनखडीच, ॲसिडचे चट्टे आपल्या ओट्यावर काय कमी होते? पण त्याच्या जागी लॅमिनेट? ग्रॅनाइट घाला म्हटलं.

एक सभासद म्हणाले, अटल टिंकरिंग लॅबसारखं काहीतरी आधुनिक करू. ती सरकारी योजना २०१६ पासूनची, २० लाखांपर्यंत अनुदान देते, आणि रोबोट, थ्रीडी प्रिंटर मलाही हवेच आहेत. पण लिटमसचा रंग आपल्या हाताखाली बदलताना दहावीच्या पोराने बघायलाच हवा. प्रात्यक्षिकाचे २० गुण पडद्यावर बघून कसे द्यायचे? काडीपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून किती शिकवता येतं हे आपण दोघींनी आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बघितलंय. महागडं सामान मी मागतच नाहीये. पण नळ, उजेड आणि हवा काही टाकाऊतून करता येत नाही गं.

आणि तू! कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी पोरांनी आरशातून खिडकीचा उजेड आणूनच बघायच्या, असा तुझा हट्ट. घे बाई, खिडकी तुझी, आजपासून एकही शब्द बोलणार नाही. फक्त ती राहू दे.

काल तपकीर गल्लीत आणि बोहरी आळीत जाऊन वायरिंगचे, सिंकचे, एचडीपीई प्लास्टिकच्या पाइपचे भाव काढून आणले. बोर्ड थोडा लहान घेतला आणि खुर्च्यांऐवजी साधी स्टुलं केली तर पैसे पुरतील असं दिसतंय. साहित्याची खोली वाचली पाहिजे, एवढ्यावर मी अडून बसणार आहे. बाकी थोडं इकडेतिकडे चालेल.

लेकीची बारावी कशी चाललीय? सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? नव्या घराचे फोटो पाठव. दिवाळीत येशील तेव्हा निवांत बोलू.

आता काम. तुमच्या कोल्हापूरच्या शाळेची लॅब नवी झालीय ना? ओट्यांची उंची टेपने मोजून कळव. आठवी आणि दहावी दोघांना चालेल म्हणून मी ३३ इंच धरलेत, ते बरोबर आहेत का सांग. ड्रेनेज कुठून काढलंय आणि ॲसिडचं कपाट कुठे ठेवलंय त्याचे फोटो पाठव. गुरुवारच्या आत हं, शुक्रवारी परत मीटिंग आहे आणि या वेळी मामांनाही खुर्ची द्या असं मी आधीच कळवून ठेवलंय.

तुझी,
नंदा