जिताड्याच्या पिल्लांचा पहिला घास

महोदय,
जिताडा या माशाच्या पालनाविषयीचा आपल्या अंकातील लेख वाचला; त्यात तळी आणि पिंजऱ्यांच्या अनुदानाची सविस्तर चर्चा आहे, मात्र पिल्लांच्या पहिल्या खाद्याचा उल्लेखही नाही. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटाशी असलेला बलक दोन-तीन दिवसांत संपतो आणि नेमक्या त्या वेळी त्याच्या इवल्याशा तोंडात मावणारे जिवंत रोटिफर (पाण्यातले सूक्ष्म जीव) मिळाले नाहीत, तर हजारो पिल्ले डोळ्यांदेखत मरतात. पुढे द्यायच्या आर्टेमियात (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा इवलासा जीव) पिल्लांच्या वाढीला लागणारे डीएचए हे मेदाम्ल जवळपास नसतेच, म्हणून आर्टेमियाला आधी पोषक तेल खाऊ घालावे लागते. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने १९९७ मध्येच जिताड्याचे बंदिस्त प्रजनन साधले. म्हणजे अडचण प्रजननाची नसून पिल्ले जगवण्याची आहे. तेव्हा अनुदानाचा काही भाग रायगडमध्ये रोटिफर आणि त्यांचे खाद्य असलेले शेवाळ वाढवणाऱ्या मत्स्यबीज केंद्रांना द्यावा, ही आग्रहाची विनंती.

– एक वाचक, अलिबाग