दार उघडे असताना

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

व्यक्तिस्वातंत्र्य आणि संस्थेची सत्ता यांच्या संघर्षावरील कादंबऱ्यांची चर्चा निघाली की सारे लक्ष बंडखोर नायकाकडे जाते, आणि त्याचा विजय झाला की पराभव, एवढाच निवाडा उरतो. मला हे वाचन अपुरे वाटते. संस्था माणसाला कोंडते हे तर उघडच आहे. पण दार उघडे असतानाही तो आत का राहतो, हा या कादंबऱ्यांनी विचारलेला त्याहून कठीण प्रश्न आहे.

केन केसी यांच्या १९६२ सालच्या 'वन फ्लू ओव्हर द कुकूज नेस्ट'मध्ये मनोरुग्णालयाच्या शिस्तीला आव्हान देणाऱ्या मॅकमर्फीला उशिरा कळते की, त्याला स्वतःला सक्तीने ठेवलेले असले, तरी सोबतचे बरेचसे रुग्ण आपल्या मर्जीने दाखल झालेले आहेत. ते आजही निघून जाऊ शकतात. बिली बिबिट हा तरुण तर रडतच कबूल करतो की, आपल्या अंगी हिंमत असती तर आपण बाहेर पडलो असतो. परिचारिका रॅचेडची खरी ताकद कुलपापेक्षा या कबुलीत आहे. तिने रुग्णांना एकमेकांची गुपिते उघडी करायला लावले आहे, आणि त्यालाच उपचार म्हणायला शिकवले आहे.

त्याच कादंबरीतला दूरदर्शन संचावर बेसबॉलचे सामने पाहू देण्याबाबतचा मतदानाचा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. वीस हात वर होतात, पण कक्षात चाळीस रुग्ण आहेत, म्हणून बहुमत नाही, असे परिचारिका सांगते. मग सगळे ज्याला मुका-बहिरा समजतात, तो निवेदक ब्रॉमडेन हात वर करतो. मॅकमर्फीनेच कुठल्या तरी अदृश्य तारेने आपला हात ओढला, असे त्याला आधी वाटते. मग तो स्वतःलाच दुरुस्त करतो, की हात आपणच उचलला. सभा संपल्याचे सांगून परिचारिका ते मत धुडकावते खरी, परंतु इतकी वर्षे गप्प राहिलेल्या माणसाने स्वतःच्या कृतीची मालकी स्वतःकडे घेतलेली असते. १९७५च्या चित्रपटात ब्रॉमडेनचे निवेदन नाही, आणि कदाचित त्यामुळेच लोकांच्या स्मरणात मॅकमर्फी तेवढा राहिला आहे.

फ्रान्झ काफ्का यांच्या 'द ट्रायल'मध्ये (मरणोत्तर प्रकाशन, १९२५) हीच गोष्ट अधिक थंडपणे येते. योझेफ के.ला अटक होते, पण कोणी डांबून ठेवत नाही. तो बँकेतल्या नोकरीवर जात राहतो. चौकशीच्या रविवारी वेळ कळवलेली नसताना तो आपल्याच मनाने नऊची वेळ धरतो, इमारत शोधत फिरतो आणि पोहोचल्यावर एक तास पाच मिनिटे उशीर झाल्याबद्दल बोलणी खातो. न सांगितलेल्या वेळेचाही दोष इथे आरोपीच्याच माथी येतो.

काझुओ इशिगुरो यांच्या 'नेव्हर लेट मी गो' (२००५) या कादंबरीविषयी, यातली माणसे पळून का जात नाहीत, अशी तक्रार अनेक वाचक करतात. अवयवदानासाठीच वाढवलेली कॅथी स्वतः मोटार चालवत देशभर फिरते, तरी पलायनाचा विचार तिच्या मनाला शिवत नाही. त्या वाचकांना जो दोष वाटतो, तोच मला या कादंबरीचा गाभा वाटतो. ज्या शाळेने तिला प्रेमाने वाढवले, तिनेच तिच्या कल्पनेची हद्द आखून दिलेली आहे, आणि मायेने आखलेली अशी हद्द ओलांडणे भिंतीवर चढण्याहून अवघड असते.

जॉर्ज ऑर्वेल यांच्या 'नाइन्टीन एटी-फोर'मध्ये (१९४९) निव्वळ छळ आहे, तिथे संमतीचा प्रश्न येतोच कुठे, असा आक्षेप घेता येईल. पण तिथेही विन्स्टन या नायकाच्या शरणागतीवर सत्तेचे समाधान होत नाही. त्याने आपल्यावर मनापासून प्रेम करावे, असा तिचा हट्ट असतो.

म्हणून विनंती अशी की, आपल्या पुस्तक-परीक्षणांतून बंडखोरांच्या जोडीने हार्डिंग (केसींच्या कादंबरीतला मर्जीने दाखल झालेला आणखी एक रुग्ण), बिली, कॅथी अशा आत राहिलेल्यांविषयीही सविस्तर लिहिले जावे. बहुसंख्य वाचकांचे आयुष्य त्यांच्या अधिक जवळचे आहे.

आपला,
एक नियमित वाचक