त्या फॉर्मवरचा एक शब्द खोडल्याबद्दल

सिस्टर,

तुमचं नाव लिहीत नाही, उद्या तुम्हालाच कोणीतरी केबिनमध्ये बोलावून विचारेल हे काय म्हणून. पण वाचलंत की तुमच्या लक्षात येईल. त्या रात्री मी तुमच्याशी धड बोलले पण नाही, बॅग उचलली आणि निघाले, थँक्यू म्हटलं की नाही तेही आठवत नाही. आज पाच दिवस झाले तरी तेच डोक्यात घोळतंय.

आदल्या रात्री ऑन-कॉल होते, दोनदा फोन आला, एकदा जाऊन यावं लागलं. सकाळी सातला परत ड्युटी. दुपारी रिलिव्हर, म्हणजे माझ्या जागी येणारी, आली नाही, थांबले. रात्रीची सिस्टर आजारी, परत थांब. थांबशील का असं कोणी विचारलं नाही हां, फोनवर सरळ सांगितलं की तूच कंटिन्यू कर, आणि मी तोंड उघडायच्या आत वर हेही की पेशंट सोडून गेलीस तर तुझ्यावर येईल. हे वाक्य ज्याने कोणी पहिल्यांदा वापरलं त्याने नर्सला बरोबर ओळखलं होतं. ओव्हरटाईमच्या पैशांसाठी आम्ही भांडू एकवेळ, पण सहा नंबर बेडच्या आजींचं सलाईन संपत आलेलं दिसत असताना पर्स उचलून कोण जाणार?

साडेअकराला तुम्ही राऊंडला आलात तेव्हा मी इन्सुलिनची ऑर्डर वाचत होते. चौथ्यांदा. आकडा दिसत होता, वाचता येत होता, फक्त डोक्यात शिरत नव्हता. सिरिंज हातात, आणि मी मनात म्हणतेय की हे मी भरलंय का भरायचंय. तुम्ही फाईल बघायच्या आधी माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "किती वाजल्यापासून?" मी म्हटलं सातपासून. तुम्ही म्हणालात, "सकाळच्या?" बास. सिरिंज माझ्या हातून घेतलीत, ऑर्डर मोठ्याने वाचलीत, ती भरलेली सिरिंज टाकून नवीन भरलीत आणि म्हणालात, "आता तू घरी."

नंतर तुम्ही कोणाला फोन केले, नाईटला माणूस कुठून आणलं, काय बोलणी खाल्लीत, मला माहीत नाही आणि तुम्ही सांगणारही नाही.

पण मला ज्यासाठी लिहायचंय ते वेगळंच आहे. काउंटरवर ओव्हरटाईमचा फॉर्म होता, त्यावर छापलेलंच असतं, "मी स्वेच्छेने जादा ड्युटी करत आहे", खाली आपण फक्त सही ठोकायची. मी किती वेळा केलीय मोजायचं सोडून दिलंय. तुम्ही तो फॉर्म ओढलात, पेन काढलंत, 'स्वेच्छेने' वर एक सरळ आडवी रेघ मारलीत आणि वर लिहिलंत, "रिलिव्हर न आल्याने थांबवले." खाली वेळ, तुमची सही, तुमचं पूर्ण नाव. पेन माझ्या हातात देऊन म्हणालात, "आता कर सही."

सिस्टर, मला तिथेच रडू आलं असतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या कागदावर खरं लिहिलं गेलं, आणि लिहिणारीने स्वतःचं नाव खाली घातलं.

नाहीतर याआधी मी कोणाला सांगितलं नाही का? सगळ्यांना सांगून झालं. ऑफिसमध्ये गेले तर "सगळेच ॲडजस्ट करतायत". रोस्टर बनवणाऱ्या मॅडम म्हणाल्या आमच्या वेळी तर याहून वाईट होतं, म्हणजे जणू ते पुढे चालवायचा मान आता आमचा. लेखी दिलं, त्याचं उत्तर अजून यायचंय. आणि मग एक दिवस मेसेज आला की स्टाफसाठी ताणमुक्तीचं सेशन ठेवलंय, दुपारी तीन वाजता, म्हणजे नाईट करून आलेलीच्या ऐन झोपेच्या वेळी! 12 मेला, नर्स दिनाला, मात्र न चुकता पोस्टर लागतं, आम्ही देवदूत. देवदूतांना झोप लागत नसावी.

घरी गेल्यावर झोप येईना, तुम्हाला माहीतच आहे जास्त थकलं की असंच होतं, तर पडल्या पडल्या मोबाईलवर वाचत बसले. 1997 सालचा एक अभ्यास आहे, 17 तास जागं राहिलेल्या माणसाचे हात आणि डोकं रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखे चालतात. म्हणजे मी त्या सिरिंजपाशी साधारण तशीच उभी होते. प्यालेल्या बाईला कोणी वॉर्डात शिरू दिलं असतं का? आणि 2004 सालचा अमेरिकेतला खास नर्सेसवरचा अभ्यास, साडेबारा तास किंवा जास्त सलग काम झालं की चुका व्हायची शक्यता तिपटीने वाढलेली दिसली. मग ती चूक कोणाच्या नावावर जाते, वेगळं सांगायला नको.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने तर 1977 मध्येच नर्सेससाठी लिहून ठेवलंय, ओव्हरटाईम धरून दिवस 12 तासांच्या वर जाऊ नये आणि दोन ड्युट्यांच्या मध्ये सलग निदान 12 तास विश्रांती हवी. शिफारसच आहे ती, सक्ती कुठे, सक्ती फक्त आमच्यावर.

ऑन-कॉलचं तर बोलायलाच नको. घरी असतेस ना, मग तो आरामच, असं ज्या लोकांना वाटतं त्यांनी एक रात्र तो फोन उशाशी घेऊन झोपून बघावं. मी अंघोळीला जाताना फोन साबणाच्या बाजूला ठेवते, दुसऱ्या कोणाची तशीच रिंगटोन वाजली तरी पोटात गोळा येतो, मुलीचा अभ्यास घेताना एक कान तिकडेच. युरोपच्या कोर्टाने 2003 मध्ये एका जर्मन डॉक्टरच्या केसमध्ये सांगितलंय की हॉस्पिटलात थांबून ऑन-कॉल असलास, झोपायला खोली दिलेली असली तरी तो सगळा वेळ कामाचाच. आता घरून ऑन-कॉल म्हणजे ती केस नाही, मला कळतं, पण वाचून बरं वाटलं की कुठेतरी कोणाला तरी कळलं की पलंगावर आडवं होणं आणि आराम करणं यात फरक असतो.

तुम्ही काही हा कायदा-बियदा बोलला नाहीत. तुम्ही फक्त तोंडाकडे बघितलंत. मला वाटतं चांगुलपणा बऱ्याचदा एवढाच असतो, समोरच्याकडे बघणं आणि मग जे दिसलं ते दिसलंच नाही असं न करणं. बघतात तसे खूप जण हो, त्या दिवशी दुपारपासून निदान चार जण म्हणाले असतील "अगं किती दमलेली दिसतेस", आणि पुढे गेले. वाईट होते असं नाही, त्यांच्याही ड्युट्या होत्या, एकीने तर जाता जाता माझी दोन ड्रेसिंग करून दिली, तिचंही ऋण आहेच. पण फॉर्मवर रेघ मारायला स्वतःची नोकरी थोडी पुढे सरकवावी लागते, आणि तुमची तर रिटायरमेंट जवळ आलीय असं ऐकलं, म्हणजे गमावण्यासारखं माझ्यापेक्षा तुमच्याकडे जास्त होतं.

आणि हो, दुसऱ्या दिवशी सहा नंबरच्या आजींनी विचारलं, रात्री तू नव्हतीस, ती दुसरी बाई कोण, पाय दाबून गेली माझे. म्हणजे माझी कामं उरकून तुम्ही वर हेही केलंत.

काल मला परत फॉर्म आला. मी रेघ मारली. हात थोडा कापला, पण मारली, सरळ नाही आली तुमच्यासारखी.

तुमच्याच पेनने मारली, कारण ते त्या रात्री माझ्या खिशात आलंय. निळं, टोपणाला पांढरी चिकटपट्टी लावलेलं. वॉर्डात गेलेलं पेन परत येत नसतं हे मलाही माहीत आहे, पण हे आणून देते. शुक्रवारी नाईट आहे ना तुमची?