आदल्या रात्री पुन्हा दुकान उघडणाऱ्या बाईंचे आभार

2024 ची गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला होती आणि आदल्या संध्याकाळपर्यंत आंबेमोहोराची पिठी व गूळ असलेली आमची बॅग बर्लिनच्या विमानतळावर पोहोचलीच नव्हती. बर्लिनच्याच लिख्टेनबर्ग भागातील व्हिएतनामी बाजारात एक वयस्कर बाई आपले दुकान बंद करत होत्या. मोबाइलवर उकडीच्या मोदकाचे छायाचित्र पाहताच त्यांनी दिवे पुन्हा लावले. जवळपास सारख्या दिसणाऱ्या दोन पाकिटांपैकी चिकट तांदळाचे त्यांनी बाजूला सारले, कारण त्याच्या पाकळ्या उभ्या राहिल्या नसत्या, आणि साध्या तांदळाची थायी पिठी पुढे केली. एवढ्यावर न थांबता त्यांनी किटलीत पाणी उकळले, मूठभर पिठी तिथेच मळली आणि पारी फाटत नाही हे माझ्याच बोटांनी पाहायला लावले. ही आस्था मला फार मोठी वाटते. गोठवलेला नारळाचा चव आणि ताडगूळ त्यांनीच शोधून दिला; हळदीच्या पानांऐवजी दिलेल्या केळीच्या पानांचे पैसे मात्र त्यांनी घेतले नाहीत. आमच्या घरच्या गणपतीला एकवीस मोदकांचा नैवेद्य दाखवता आला, त्याबद्दल त्या बाईंचे आम्ही सर्व कुटुंबीय मनःपूर्वक आभारी आहोत.