सिस्टर, तुमचे आभार

त्या शस्त्रक्रियेत आजींच्या खांद्याची सुप्रास्पायनेटस कंडरा, म्हणजे हात वर उचलणाऱ्या स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, हाडावरून सुटलेली, कड पार विरलेली. जीर्ण कापडातून शिवण निसटावी तसा टाका कापत बाहेर यायचा. म्हणून दात्याच्या त्वचेपासून बनवलेला, पेशी काढलेला पॅच वरून जोडायचं ठरलं. खांद्यात घातलेल्या बारीक नळीतून आत सरकवताना त्याच्या चारही कोपऱ्यांचे धागे गुंतले. जोर लावला असता तर पॅच दुमडला असता, कोपरा फाटला असता. सिस्टर, तुम्ही "थांबा" म्हणालात, एकेक जोडी सोडवून वेगळ्या चिमट्यात धरलीत, पॅच सलाइनने ओला ठेवलात.

आणि नंतर, भुलीतून जाग्या होणाऱ्या आजींच्या कोपराखाली टॉवेलची घडी सरकवलीत. झोपल्यावर कोपर मागे गेलं की नव्या टाक्यांवर ताण येतो. कुणी सांगण्याआधीच केलंत. मनापासून आभार.